बूटलोडर, सूक्ष्मनियंत्रकातील

सूक्ष्मनियंत्रकाला विद्युत् पुरवठा मिळताच किंवा तो रीसेट होताच सर्वप्रथम चालणारी, यंत्राची मुख्य आज्ञावली तपासणारी, गरज पडल्यास ती बदलणारी आणि अखेरीस तिच्याकडे नियंत्रण सोपविणारी छोटी आज्ञावली. प्रक्रियक, स्मृती, कालमापक, संदेशवहनाचे विभाग इ. घटक सिलिकॉनच्या एकाच चकतीवर असलेल्या प्रयुक्तीला सूक्ष्मनियंत्रक म्हणतात [→ संगणक]. वीजमापक, धुलाई यंत्र, औषध सोडणारा पंप, मोटारगाडीतील गतिरोधक यांसारख्या यंत्रांचे नियमन तो करतो. यंत्राचे नेमून दिलेले काम करणाऱ्या मुख्य आज्ञावलीला ‘अनुप्रयोग’ म्हणतात.

कारखान्यातून बाहेर पडून हजारो ठिकाणी बसविलेल्या यंत्रांच्या आज्ञावलीत दोष आढळला, तर प्रत्येक यंत्र उघडून त्यातील सूक्ष्मनियंत्रक बदलणे व्यवहार्य नसते. बूटलोडर असल्यास नवी आज्ञावली तारेने वा बिनतारी मार्गाने पाठविता येते. मात्र जुनी आज्ञावली पुसली गेली आहे आणि नवी अजून पूर्ण लिहिली गेलेली नाही, अशा क्षणी वीज गेली, तर यंत्रात शाबूत उरणारी एकमेव आज्ञावली म्हणजे बूटलोडर होय. ती चुकली, तर यंत्र निरुपयोगी होते. बूटलोडरकडून अनुप्रयोगाकडे जाण्याच्या क्रियेस ‘उडी’ म्हणण्याचा प्रघात आहे. प्रक्रियकाच्या दृष्टीने ती दोन-तीन आदेशांचीच असते. परंतु तीत केवळ पत्ता बदलत नाही, तर संपूर्ण यंत्राचा ताबा एका आज्ञावलीकडून दुसरीकडे जातो. हा ताबा कोणत्या अवस्थेत दिला जातो, यावर अनुप्रयोगाचा विश्वासार्हपणा अवलंबून असतो.

नाव व इतिहास : इंग्रजीत बुटाच्या मागील बाजूस असलेल्या पट्टीला ‘बूटस्ट्रॅप’ म्हणतात. ही पट्टी ओढून स्वतःच स्वतःला वर उचलणे, या अशक्यप्राय कृतीवरून हे नाव आले. आज्ञावली स्मृतीत भरण्यासाठी आधी दुसरी आज्ञावली स्मृतीत असावी लागते, मग ती दुसरी कोणी भरायची, हा पेच त्यातून सूचित होतो. १९५२ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ७०१ या संगणकात यासाठी एक कळ होती. ती दाबली की छिद्रित पत्र, फीत किंवा चुंबकीय दंडगोल यांवरून पहिले आदेश स्मृतीत येत आणि पुढील आदेश तेच भरून घेत. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ऑल्टेअर ८८०० या लघुसंगणकात प्रारंभीचे आदेश दर्शनी फलकावरील खटक्यांनी एकेक करून हाताने भरावे लागत. त्याच वर्षी पॉल ॲलन हे बेसिक भाषेची आज्ञावली घेऊन या संगणकाच्या उत्पादकांकडे विमानाने निघाले असता ती भरणारी आज्ञावलीच लिहावयाची राहिल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ती विमानातच लिहून काढली.

प्रारंभीच्या सूक्ष्मनियंत्रकांतील आज्ञावली निर्मितीच्या वेळीच कायमची कोरलेली असे, अथवा जंबुपार किरणांनी पुसावी लागे. त्यामुळे यंत्र वापरात असताना ती बदलण्याचा प्रश्नच नव्हता. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जाहीर केलेली फ्लॅश स्मृती पुढे सूक्ष्मनियंत्रकांत आली. ती विद्युत् दाबाने पुसता येते आणि प्रक्रियकाला स्वतःच लिहिता येते. यानंतरच सूक्ष्मनियंत्रकाचा बूटलोडर सर्वसामान्य झाला.

रीसेटच्या वेळची स्थिती : उडीचे स्वरूप कळण्यासाठी उडी नसताना काय घडते, हे प्रथम पाहिले पाहिजे. २००४ मध्ये आलेल्या एआरएम कॉर्टेक्स-एम ३ व त्याच वंशातील इतर प्रक्रियकांत स्मृतीच्या आरंभी पत्त्यांचा एक तक्ता असतो. त्याला व्हेक्टर तक्ता म्हणतात. त्यातील पहिल्या ३२ बिटांत स्टॅकच्या माथ्याचा पत्ता असतो. स्टॅक म्हणजे तात्पुरती माहिती ताटांच्या चळतीप्रमाणे एकावर एक ठेवण्याची रॅम स्मृतीतील जागा. दुसऱ्या ३२ बिटांत पहिल्या आदेशाचा पत्ता असतो. त्यापुढे अपवादात्मक घटना व व्यत्यय यांना उत्तर देणाऱ्या उपक्रमांचे पत्ते ओळीने येतात. व्यत्यय म्हणजे चालू काम थांबवून तातडीचे काम करण्याविषयी एखाद्या घटकाने प्रक्रियकास केलेली सूचना होय.

रीसेट होताच प्रक्रियक पहिली नोंद स्टॅक दर्शकात व दुसरी आदेश दर्शकात आपोआप भरतो आणि काम सुरू करतो. या वेळी सर्व कालमापक थांबलेले, व्यत्ययांचे सर्व स्रोत बंद, स्पंदजनक मूळच्या कंप्रतेवर आणि प्रक्रियक सर्वाधिकार असलेल्या अवस्थेत असतो. अनुप्रयोग लिहिणारा ही कोरी पाटी गृहीत धरूनच लिहितो. बूटलोडर मध्ये आला की हे गृहीतक आपोआप खरे राहत नाही. ते खरे ठेवणे हे बूटलोडरचे कर्तव्य ठरते.

स्मृतीची विभागणी : बूटलोडर व अनुप्रयोग एकाच फ्लॅश स्मृतीत, पण वेगवेगळ्या भागांत राहतात. उदा., एसटीएम ३२ एफ १०३ या मालिकेतील १२८ किलोबाइट फ्लॅश व २० किलोबाइट रॅम असलेल्या सूक्ष्मनियंत्रकात फ्लॅश स्मृती षोडशमान पद्धतीने ०८०००००० या पत्त्यापासून सुरू होते. तिचे पहिले १६ किलोबाइट बूटलोडरला दिले, तर अनुप्रयोग ०८००४००० या पत्त्यापासून सुरू होतो. रॅम २००००००० पासून सुरू होत असल्याने स्टॅकचा माथा सामान्यपणे २०००५००० येथे ठेवला जातो. फ्लॅश स्मृती पानापानाने पुसली जाते व या सूक्ष्मनियंत्रकात पान १ किलोबाइटचे असते. म्हणून दोन्ही भागांची सीमा पानाच्या कडेवरच आखावी लागते. अनुप्रयोगाचा स्वतःचा स्वतंत्र व्हेक्टर तक्ता त्याच्या भागाच्या आरंभी असतो. अनुप्रयोगाच्या भागांची जुळणी करणाऱ्या लिंकर या साधनास हा नवा पत्ता सांगणे अत्यावश्यक असते. तसे न केल्यास आज्ञावली एका जागी लिहिली जाते आणि तिच्यातील पत्ते मात्र दुसऱ्या जागेचे राहतात.

रॅमची अशी विभागणी बहुधा करावी लागत नाही. एका वेळी एकच आज्ञावली चालत असल्याने दोघींना तीच रॅम आळीपाळीने वापरता येते. अनुप्रयोगाचे प्रारंभिक आदेश आपल्या चलांना आरंभीची मूल्ये नव्याने देतात.

हस्तांतरणाची कृती : कॉर्टेक्स-एम ३ प्रक्रियकात ही कृती पुढील क्रमाने होते. (१) सर्व व्यत्यय रोखले जातात. (२) बूटलोडरने वापरलेले घटक बंद करून मूळ स्थितीत आणले जातात. (३) प्रत्येक व्यत्ययाची परवानगी काढून घेतली जाते व प्रलंबित सूचना पुसल्या जातात. (४) व्हेक्टर तक्त्याचे स्थान सांगणाऱ्या रजिस्टरात अनुप्रयोगाच्या तक्त्याचा पत्ता लिहिला जातो. उपर्युक्त मालिकेत हा पत्ता ५१२ बाइटांच्या पटीत असावा लागतो. (५) अनुप्रयोगाच्या तक्त्यातील पहिली नोंद स्टॅक दर्शकात भरली जाते. (६) पहिल्या पायरीत रोखलेले व्यत्यय मोकळे केले जातात. तिसऱ्या पायरीमुळे त्यांपैकी कोणताही आता उद्‌भवू शकत नाही. (७) तक्त्यातील दुसरी नोंद वाचून त्या पत्त्यावर उडी घेतली जाते.

यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. सातव्या पायरीतील पत्त्याचे शेवटचे बिट १ असावे लागते. ते पत्त्याचा भाग नसून प्रक्रियकाने कोणत्या आदेशसंचानुसार चालावे याची खूण असते. ते ० असल्यास प्रक्रियक दोष नोंदवून थबकतो. पाचव्या पायरीत एक सूक्ष्म धोका असतो. उडीचा पत्ता ज्या स्थानिक चलात ठेवला आहे, ते चल स्टॅकवर असेल आणि त्याचे स्थान स्टॅक दर्शकावरून मोजले जात असेल, तर दर्शक बदलताच त्या चलाच्या जागी भलतेच मूल्य वाचले जाते. अशी चूक भाषांतरक आज्ञावलीच्या एका मांडणीत दिसत नाही व दुसऱ्या मांडणीत अचानक प्रकट होते. म्हणून शेवटच्या तीन पायऱ्या रजिस्टरांवरच चालणाऱ्या मोजक्या यंत्रभाषीय आदेशांनी करणे श्रेयस्कर असते.

मागे राहणारे अवशेष : प्रत्यक्षात आढळणारे बहुसंख्य बिघाड उडीतून नव्हे, तर उडीपूर्वीच्या अस्वच्छतेतून उद्‌भवतात. त्यांचे लक्षणही फसवे असते. तोच अनुप्रयोग बूटलोडरशिवाय थेट चालविला, तर व्यवस्थित चालतो व बूटलोडरमागून आला की अडखळतो. त्यामुळे दोष अनुप्रयोगात शोधला जातो.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे चालू राहिलेला कालमापक. बूटलोडरने ठरावीक अंतराने व्यत्यय देणारा कालमापक सुरू ठेवला व व्हेक्टर तक्ता बदलला, तर पुढचा व्यत्यय अनुप्रयोगाच्या उपक्रमाकडे जातो. त्या वेळी अनुप्रयोगाची चले अजून सिद्ध झालेली नसतात. तक्ता बदललेला नसेल, तर तोच व्यत्यय बूटलोडरच्या उपक्रमाकडे जातो आणि तो उपक्रम आता अनुप्रयोगाच्या मालकीच्या झालेल्या रॅममध्ये लिहू लागतो.

दुसरे कारण याच्या उलट आहे. व्यत्यय रोखूनच उडी घेतली व ते पुन्हा मोकळे केले नाहीत, तर अनुप्रयोग सुरू होतो, पण कालमापकाच्या पहिल्या ठोक्याची वाट पाहत कायमचा थांबतो. रीसेटनंतर व्यत्यय मोकळे असतात, असे गृहीत धरल्याने ते मोकळे करण्याचा आदेश त्यात नसतो.

तिसरे कारण व्यत्ययाच्या उपक्रमातूनच उडी घेणे, हे होय. नव्या आज्ञावलीचा शेवटचा बाइट संदेशवहनाच्या व्यत्ययातून मिळतो, म्हणून तेथूनच उडी घेण्याचा मोह होतो. परंतु प्रक्रियकाच्या दृष्टीने तो व्यत्यय अजून संपलेला नसतो. परिणामी त्याच्याइतक्या किंवा त्याहून कमी अग्रक्रमाचे व्यत्यय अनुप्रयोगाला कधीच मिळत नाहीत.

थेट स्मृतिप्रवेशाचा विभाग चालू राहिल्यास होणारी हानी अधिक गूढ असते. हा विभाग प्रक्रियकाच्या मदतीशिवाय बाहेरून आलेली माहिती रॅममध्ये लिहितो. बूटलोडरने दिलेल्या जुन्या पत्त्यावर तो लिहीत राहतो आणि अनुप्रयोगाची चले कोणत्याही आदेशाशिवाय बदलू लागतात. कंप्रता वाढविणारे पीएलएल मंडल चालू असताना त्याची मांडणी बदलता येत नाही. त्यामुळे बूटलोडरने ते चालू ठेवले, तर अनुप्रयोगाचा स्पंद-मांडणीचा उपक्रम अयशस्वी होऊ शकतो. वॉचडॉग हा पहारेकरी कालमापक ठरावीक काळात हालचाल न दिसल्यास यंत्र रीसेट करतो. एसटीएम ३२ मालिकेतील स्वतंत्र वॉचडॉग एकदा सुरू केला की रीसेटशिवाय थांबविता येत नाही. तो बूटलोडरने सुरू केला असेल, तर त्याला वेळोवेळी चाळविण्याचे काम अनुप्रयोगाने पहिल्या क्षणापासून केले पाहिजे. कधीकधी दोष नेमक्या उलट दिशेने येतो : बूटलोडर तक्त्याचा पत्ता अचूक लिहितो, पण अनुप्रयोगातील उत्पादकाने पुरविलेला प्रारंभिक उपक्रम त्यावर पुन्हा फ्लॅशचा मूळ पत्ता लिहितो आणि सर्व व्यत्यय बूटलोडरकडे वळतात.

रीसेटमार्गे हस्तांतरण : वरील सर्व अवशेष एकेक करून आवरण्यापेक्षा ते निर्माणच होऊ न देणे अधिक सुरक्षित असते. यासाठी बूटलोडर आपले काम संपल्यावर उडी घेत नाही. ‘अनुप्रयोग चालवावा’ अशा अर्थाचा ठराविक अंक तो एका राखीव जागी लिहितो व प्रक्रियकाला रीसेट करतो. विद्युत् पुरवठा खंडित न होता झालेल्या रीसेटमध्ये रॅममधील माहिती टिकून राहते. मात्र प्रारंभी शून्य केल्या जाणाऱ्या भागातून ही जागा वगळावी लागते. रीसेटनंतर बूटलोडर कोणत्याही घटकाला हात लावण्यापूर्वी तो अंक पाहतो, पुसतो आणि अनुप्रयोगाकडे जातो. या वेळी यंत्र जवळजवळ कोऱ्या स्थितीत असल्याने तक्त्याचा पत्ता, स्टॅक दर्शक व उडी एवढेच करावे लागते. अनुप्रयोगालाही याच मार्गाने बूटलोडरला पाचारण करता येते. पुढील रचनांत घटकांची संख्या वाढत गेली आहे. कॉर्टेक्स-एम ७ मध्ये द्रुतस्मृती, तर कॉर्टेक्स-एम ३३ मध्ये स्टॅकच्या मर्यादेचे रजिस्टर अशी आणखी आवरण्याची स्थाने आहेत. त्यामुळे या पद्धतीचे महत्त्व वाढले आहे.

इतर रचना : व्हेक्टर तक्ता हलविण्याची सोय सर्वत्र नसते. कॉर्टेक्स-एम ० मध्ये ती नाही. त्यावर आधारित एसटीएम ३२ एफ ० या मालिकेत अनुप्रयोग आपला तक्ता रॅमच्या आरंभी उतरवून घेतो व शून्य पत्त्यावर रॅम दिसेल अशी मांडणी करतो. पीआयसी १८ या आठ बिटी मालिकेत व्यत्ययांचे पत्ते षोडशमान ०००८ व ००१८ असे निश्चित असतात आणि ते बूटलोडरच्या भागात येतात. तेथे अनुप्रयोगाकडे धाडणारा उडीचा आदेश ठेवला जातो. १९८० मधील इंटेल ८०५१ च्या वंशातही हीच युक्ती वापरतात. तिची किंमत म्हणजे प्रत्येक व्यत्ययास लागणारा थोडा अधिक वेळ.

एव्हीआर वंशातील एटीमेगा ३२८ पी या सूक्ष्मनियंत्रकात मांडणी उलटी असते. त्याच्या ३२ किलोबाइट फ्लॅश स्मृतीच्या आरंभी अनुप्रयोग व शेवटी बूटलोडर असतो. रीसेटनंतर कोठून सुरुवात करावयाची, हे फ्यूज नावाच्या कायम बिटांनी ठरते. फ्लॅशमध्ये लिहिण्याचा आदेश केवळ बूटलोडरच्या भागातूनच चालतो. वॉचडॉगमुळे झालेल्या रीसेटनंतर येथे वॉचडॉग आपोआप चालू राहतो, तोही सर्वांत कमी कालावधीवर. बूटलोडरने तो त्वरित थांबविला नाही, तर यंत्र रीसेटच्या चक्रात अडकते. याच वॉचडॉगचा उपयोग करून घेणारा ऑप्टिबूट हा अवघ्या ५१२ बाइटांचा बूटलोडर २०१० मधील आर्डुइनो उनो या मंडलामुळे विद्यार्थ्यांत सर्वपरिचित झाला. ठरावीक वेळात नवी आज्ञावली आली नाही, तर तो वॉचडॉगला रीसेट करू देतो. रीसेटचे कारण बाहेरची कळ नाही, असे दिसताच तो थेट अनुप्रयोगाकडे जातो. रीसेटमार्गे हस्तांतरणाचे हे अगदी आटोपशीर उदाहरण होय.

वैधता व अधिकृतता : जेथे उडी घ्यावयाची, तेथे खरोखर आज्ञावली आहे काय, हे आधी पाहावे लागते. पुसलेल्या फ्लॅश स्मृतीतील सर्व बिटे सामान्यपणे १ असतात. म्हणून तक्त्यातील पहिली नोंद रॅमच्या हद्दीतील पत्ता आहे का, एवढे पाहिल्याने जागा रिकामी आहे की नाही ते कळते. तथापि अर्धवट लिहिलेली आज्ञावलीही या कसोटीस उतरते, कारण तक्ता आरंभीच लिहिलेला असतो. त्यामुळे संपूर्ण आज्ञावलीवरून काढलेला नियंत्रण-अंक तिच्यासोबत ठेवतात व प्रत्येक प्रारंभी तो पुन्हा काढून ताडून पाहतात. यासाठी डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये मांडलेली सीआरसी ही पद्धत रूढ आहे. आज्ञावली पूर्ण झाल्याची खूण सर्वांत शेवटी लिहिणे, हा याच विचाराचा दुसरा भाग होय.

सीआरसीने अपघाती बिघाड उघडकीस येतो. हेतुपुरस्सर केलेला बदल नव्हे. आज्ञावली बदलणारा नवा अंकही काढू शकतो. २०१५ मध्ये चार्ली मिलर व क्रिस व्हॅलसेक या संशोधकांनी चालत्या जीप चेरोकी गाडीत दूरवरून शिरकाव करून दाखविला. गाडीतील करमणूक यंत्रणेमार्फत त्यांनी तिला जोडलेल्या व्ही ८५० या सूक्ष्मनियंत्रकाची आज्ञावली बदलली. नवी आज्ञावली अधिकृत आहे की नाही, याची खातरजमा तेथे होत नव्हती. त्या सूक्ष्मनियंत्रकाद्वारे गाडीच्या अंतर्गत संदेशवाहिनीवर हवे ते संदेश सोडता आले. उत्पादक कंपनीने त्यानंतर अमेरिकेतील सु. १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी घोषित केल्या. अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी निर्माता आपल्या गुप्त किल्लीने आज्ञावलीवर अंकीय सही करतो आणि बूटलोडर आपल्याजवळील सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. पडताळणी फसल्यास उडी घेतली जात नाही. मात्र या योजनेत बूटलोडर स्वतः अपरिवर्तनीय असावा लागतो. म्हणून त्याचा भाग लेखनापासून संरक्षित ठेवतात.

बिघाडातून सावरणे : पडताळणीस उतरलेली आज्ञावलीही सदोष असू शकते. यासाठी फ्लॅश स्मृतीत अनुप्रयोगासाठी दोन कप्पे ठेवतात. नवी आज्ञावली रिकाम्या कप्प्यात लिहून ती प्रथम परीक्षेसाठी म्हणून चालविली जाते. ठरावीक वेळात तिने आपण सुस्थितीत असल्याची नोंद केली नाही, तर वॉचडॉग यंत्र रीसेट करतो व बूटलोडर जुन्या आज्ञावलीकडे परततो. एमसीयूबूट या मुक्तस्रोत बूटलोडरमध्ये अशी सोय आहे. त्यासाठी जवळजवळ दुप्पट स्मृती लागते. परंतु जेथे माणूस सहज पोहोचू शकत नाही, तेथे हा खर्च क्षुल्लक ठरतो.

आरंभीच्या टप्प्यावर पर्यायी मार्ग असण्याचे मोल मंगळावरील स्पिरिट या फिरत्या यंत्राने दाखवून दिले. त्यातील संगणक सूक्ष्मनियंत्रकाहून मोठा होता, पण तत्त्व तेच होते. ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरल्यानंतर २१ जानेवारीपासून ते पुनःपुन्हा रीसेट होऊ लागले. अशी ६० हून अधिक आवर्तने झाली. फ्लॅश स्मृतीतील संचिकांची व्यवस्था लावताना रॅम अपुरी पडत होती. पृथ्वीवरील अभियंत्यांनी फ्लॅश स्मृतीला न जोडता प्रारंभ करण्याची आज्ञा पाठविली आणि ते चक्र थांबले. त्यानंतर स्पिरिट २०१० पर्यंत पृथ्वीशी संपर्कात होते.

बूटलोडरचे आकारमान लहान ठेवणे, त्यात शक्य तितके कमी घटक वापरणे व निर्णय रीसेटनंतर लगेच घेणे, ही त्याच्या रचनेची सर्वमान्य सूत्रे आहेत. अनुप्रयोग अनेकदा बदलता येतो. त्याला बदलणारी आज्ञावली मात्र यंत्राच्या आयुष्यात बहुधा एकदाच लिहिली जाते.